समेट करणारी माणसं

माणसं निवडणं हे माझं काम होतं, असं मी म्हटलं की माझ्या भावजयीला हसू येतं. तिच्या मते मला बाजारातून धड वांगी निवडून आणता येत नाहीत. वांग्यांचं ती म्हणते ते खरं असेल, पण माणसांचं माझंही खरं आहे. एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत मी तीस वर्षं काढली. चौकशी समिती, खरेदी समिती, निवड समिती निवडणारी समिती, कुठे कोण बसेल याच्या फायली मी साहेबांच्या टेबलावरून टेबलावर फिरवल्या. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. महिन्याच्या आत आमचे पाळकसाहेब घरी आले आणि त्यांनी एकामागून एक दोन कप चहा घेतला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आम्ही ख्रिस्ती. दारव्ह्याच्या बाजूला एका लहान गावात आमचं चर्च आहे, साठ-सत्तर घरांचं. या घरांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो आणि जे उपासना चालवतात त्यांना पाळक. पाळकसाहेबांच्या खिशात वरच्या कार्यालयाचं पत्र होतं. प्रत्येक मंडळीत एक जबाबदार व्यक्ती नेमा, चर्चमध्ये कोणाला त्रास झाला तर तिच्याकडे तक्रार येईल, आणि तिनं त्या प्रकरणापुरता एक छोटा गट निवडावा. गटाचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की पाळकसाहेब वाचताना मध्ये थांबून श्वास घेत. आम्ही त्याला प्रकरण-गट म्हणू लागलो. गावानं "लीलाबाईची कमिटी" करून टाकलं.

बाहेरच्या वाचकाला हे काम सांगायला हवं. लहान मुलाला, एकट्या बाईला, आजारी माणसाला चर्चमधल्याच कोणी त्रास दिल्याची तक्रार आली, तर चर्चनं कसं वागायचं हे हा गट बघतो. गुन्हा झाला की नाही हे आम्ही ठरवत नाही, ते पोलीस आणि कोर्टाचं काम. मूल अठराच्या खालचं असेल तर आधी ठाणं आणि मग आमची बैठक, त्यात दुसरं मत नाही. आमचं काम बारीक असतं. ज्याच्यावर आरोप आहे त्याला मुलांपासून, गाण्याच्या तालमीपासून लांब ठेवायचं, ज्याला त्रास झाला त्याच्या जवळ कोणीतरी राहायचं. आरोप असलेल्याच्या बायकोकडेही एकानं जायचं, कारण तिच्या घरचा चहा लोकांनी बंद केलेला असतो. आणि या सगळ्यात तोंड मिटून ठेवायचं. चार-पाच माणसं पुरतात.

चार-पाच माणसं शोधणं म्हणजे काय अवघड, असं मलाही वाटलं होतं. पण आमच्या मंडळीत कोणाचंही नाव घ्या, तो दुसऱ्याचा साडू निघतो. साडू नसला तर याच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तो साक्षीदार असतो. एक गृहस्थ तर स्वतःची माहिती प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून माझ्या दारात उभे राहिले, सोबत शाळेतल्या वक्तृत्वाचं प्रमाणपत्र. ज्याला फार यायचं आहे त्याला घ्यायचं नाही, हा माझा पहिला नियम मी त्या दिवशी केला. तो अजून टिकला आहे. दुसरा नियम मात्र मला फार उशिरा कळला, आणि त्यासाठी मला एका मुलीविषयी लिहावं लागेल.

तिला मी रेखा म्हणते. लिहू का, असं तिच्या बाबांमार्फत तिला विचारलं, तेव्हा "नाव बदला, बाकी लिहा" असा निरोप आला.

रेखाआधी आमच्या शनिवारविषयी सांगते. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी मनात कोणाविषयी अढी नसावी, हे सगळीकडेच सांगतात. आमच्याकडे त्याची रीतच पडली आहे. आदल्या शनिवारी दुपारी मंडळीतली जाणती माणसं रुसलेल्यांना चर्चच्या मागच्या खोलीत एका सतरंजीवर बसवतात. बोलणं होतं, कधी रडणं होतं, मग एकजण हात पुढे करतो, दुसरा धरतो आणि चहा येतो. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कितीतरी वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ त्या सतरंजीवर बोलते झालेले मी पाहिले आहेत. मी स्वतः भावजयीशी दोनदा समेट केला, त्यातला एक वांग्यांवरूनच. मला ही रीत फार आवडायची. अजूनही आवडते, आणि ते सांगताना मला संकोच वाटतो.

म्हणून पहिला गट नेमायची वेळ आली तेव्हा मी शनिवारची माणसं घेतली. सगळ्यात पुढे गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त, मऊ बोलणारे, त्या दोन भावांना एकत्र आणणारे तेच. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दोन बाया. त्यांच्यापुढे कोणी रागावून बसूच शकत नसे. यादी पाळकसाहेबांच्या हातात देताना मला स्वतःचा अभिमान वाटला. कचेरीत इतकी चांगली समिती मला कधी जमली नव्हती.

रेखा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कॉलेजात जायची आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायची. आमची पेटी जुनी. वरची एक पांढरी पट्टी दाबली की खालीच राहायची आणि तो सूर थांबायचा नाही. रेखा गाता गाता बोटाच्या टोकानं ती उचलायची, इतक्या सवयीनं की बघणाऱ्याला तेही वाजवण्यातलंच वाटायचं. तिचा आवाज फार मोठा नव्हता. पण दुसऱ्या कडव्याला लोक थकले की तो वर यायचा आणि आम्ही सगळे त्याच्या मागे जायचो.

गाणी बसवणारा एक गृहस्थ होता. चाळिशीचा, बायकामुलांचा, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. रेखा माझ्याकडे आली तेव्हा मी अंगणात मुगाच्या वड्या घालत होते. ती बसली, तिनंही दोन ओळी घातल्या, आणि मान वर न करता बोलली. तालीम संपली की तो तिला पेटी आवरायला थांबवून घेत असे. पुढचं मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. पोलिसांत जायचं का, मी सोबत येते, असं मी म्हटलं.

"आत्ता नाही, मावशी," ती म्हणाली. "बाबाले सहन नाही होनार. मले एवढंच पाहिजे, रविवारी त्यानं पेटीपाशी उभं राहू नये. मी मायी पेटी वाजवीन अन् घरी जाईन."

एवढंच मागणं होतं. तिला तिची जागा हवी होती, आणि ती तिला मिळवून देण्यासाठीच मला नेमलं होतं.

बुधवारी गट बसला. मी तक्रार सांगितली. दोन्ही बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी म्हणाले, "लीलाबाई, या रविवारी प्रभुभोजन हाय. दोघंबी मंडळीतलेच. असं मनात ठेवून भाकर कशी घ्यायची? शनिवारी बसवू दोघाले."

"गुरुजी, पत्रात समोरासमोर बसवू नका असं लिहिलंय," मी म्हटलं.

"पत्र लिहिनाऱ्याले आपला शनिवार काय माहीत?"

बाया हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. कचेरीत मी नियमाच्या एका ओळीसाठी साहेबांशी वाद घातले होते. इथे माझ्याच माणसांपुढे मी कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

शनिवारी रेखा आली, कारण मी बोलावलं होतं. सतरंजीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. तो रडला, आणि ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. "मायी चूक झाली, बाई," असं म्हणून त्यानं हात पुढे केला. रेखानं गुरुजींकडे पाहिलं नाही, बायांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. तिनं हात दिला.

"झालं," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "आता हा विषय कोनी काढायचा नाही."

चहा आला. रेखानं कप समोर ठेवला तो तसाच राहिला, त्यावर साय धरली. दुसऱ्या दिवशी तो गृहस्थ पेटीपाशी उभा होता, कारण समेट झाला होता. पेटीमागे कोणी नव्हतं. ती आली नाही, पुढच्या रविवारी नाही, नाताळला नाही. पुढे कळलं, वणीकडे राजूरला तिच्या आत्याकडे गेली. कॉलेज तिकडंच पूर्ण केलं, तिकडंच एका शाळेत लागली. खाणीच्या धुळीत पांढरे कपडे टिकत नाहीत, एवढीच तिकडची खबर तिच्या बाबांकडून मिळाली. ते अजून दर रविवारी येतात. मी विचारते, रेखा कशी आहे. ते म्हणतात, "बरी हाय," आणि चपला शोधायला लागतात.

तो गृहस्थ दोनेक वर्षांनी नोकरीच्या निमित्तानं दुसऱ्या शहरात गेला. तिथल्या चर्चच्या पाळकांना मी सविस्तर पत्र लिहिलं, सही करून, पोच मागवून. तेवढं एक काम माझ्या हातून बरोबर झालं, पण तोवर जागा रिकामी होऊन गेली होती.

माझं चुकलं ते असं. ते भांडण नव्हतं. भांडण दोघांचं असतं, दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं. इथे एकाच्या हातून झालं होतं आणि दुसरीनं काय सोडायचं? तिच्याकडे होता तो फक्त राग, तोच आम्ही मागून घेतला. मी मंडळीतली सगळ्यात चांगली माणसं निवडली होती, आणि ज्या गुणासाठी निवडली त्याच गुणानं घात केला. गुरुजींना हे माझ्याआधी कळलं असावं. देवाघरी जाण्याच्या आधीच्या वर्षी ते काठी टेकत माझ्या ओट्यावर आले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "आपल्याले कोनाचा राग पाहवत नाही, बाई. पोरगी रागात बसली असती तं काय झालं असतं? बसू द्याची होती." मी दोघांसाठी चहा केला. दोघांनाही तो पिववेना.

तेव्हापासून माझा दुसरा नियम असा. दुसऱ्याचा राग पाहून ज्याला घाई होत नाही, त्याला घ्यायचं. असं माणूस चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. मी लोकांच्या घरी जाऊन बसू लागले. घरात सून रुसली आहे, मुलगा ताटावरून उठून गेला आहे, अशा वेळी कोण लगेच मनधरणीला धावतं आणि कोण ताट झाकून ठेवून आपलं काम करत राहतं, ते बघू लागले. लोकांना वाटलं, निवृत्त बाईला उद्योग नाही.

तोंड मिटून ठेवण्याची परीक्षा मात्र मी कचेरीतून शिकून आले होते. एकदा तीन बायकांना मी वेगवेगळं सांगितलं, मनात आहे, अजून कोणाला बोलू नका. एकीला सांगितलं घराला पिवळा रंग देणार, दुसरीला हिरवा, तिसरीला गुलाबी. रविवारी उपासना संपते न संपते तोच मागून कोणी म्हणालं, "पिवळा लई भडक दिसते, लीलाबाई." दारापर्यंत पोचले तर खुद्द पाळकसाहेब विचारत होते, हिरवा म्हणजे नेमका कोणता, पोपटी का? गुलाबी रंगाचा कुठे मागमूस नव्हता.

गुलाबी मी रजियाबाजींना सांगितला होता. बाजी बोरी अरब या गावच्या, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा ट्रॅक्टर दुरुस्त करतो. नोकरीत त्यांनी गावोगावच्या पोरांची वजनं घेतली आणि पोरांच्या अंगावरच्या खुणाही वाचल्या. त्यांना गटात घ्यायचं म्हटल्यावर मंडळीचे वडीलधारे चमकले. "चर्चच्या कामात बाजी कायले?" एकानं विचारलं.

"कारण त्यांचा इथं एकही साडू नाही," मी म्हटलं.

बाजी गटात आल्या. पुढे मी घराला पांढराच रंग दिला. बाजी आल्या, अंगणात उभ्या राहून भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "तुम्ही तं गुलाबी म्हनत होत्या." दोन वर्षं ते त्यांच्या पोटात राहिलं होतं.

यंदा पावसाळ्यानंतर एक प्रकरण आलं. मुलगी लहान आहे, याहून जास्त लिहिता येत नाही. त्याच दिवशी मी तिच्या आईसोबत ठाण्यात गेले. मग गट निवडायचा होता. नावं डोक्यात तयार होती, बाजी, दुसऱ्या तालुक्यातली एक निवृत्त परिचारिका, तांड्यावरचे एक निवृत्त हवालदार आणि मंडळीतलं एकच माणूस, फार कमी बोलणारं. पण यादी लिहायला बसले आणि हात चालेना. सारखी ती सतरंजी दिसायची. मला रेखाची आठवण येते असं म्हणणं कमी पडेल. इतकी वर्षं झाली, पण दुसरं कडवं सुरू झालं की मी अजून थांबते, तिचा आवाज वर येईल म्हणून. आता कीबोर्ड आहे, चांगला वाजतो, पण तो आमच्यासाठी थांबत नाही. रेखानं माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी मान हलवली होती. मला ती मान परत घ्यायची होती.

मी बाजींना म्हटलं, "मी राजूरला जाऊन येते. रेखाची माफी मागते, मग यादी करते."

बाजी सुपात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही. "माफी द्यायले चालल्या का घ्यायले?"

"मागायला."

"म्हंजे घ्यायलेच ना. तुम्ही तिच्या दारात जाऊन रडसान, मंग तिनं पुन्हा काहीतरी द्यावं. एकदा हात देल्ला ना तिनं."

मी त्यांना उरलेली तूर निवडून दिली. राजूरला गेले नाही. घरी येऊन पत्र लिहिलं, कचेरीच्या सवयीनं, मुद्देसूद. त्या शनिवारी मी काय काय चुकीचं केलं ते एकेक करून लिहिलं. नियम मला माहीत होता, मी तो पिशवीत ठेवला, तुला मी बोलावलं, तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. मला पुन्हा माणसं निवडायची आहेत, आणि या वेळी समेट करणारं कोणी नाही, हेही लिहिलं. शेवटी "क्षमा कर" असं लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं दिसत होतं म्हणून सगळं पत्र पुन्हा उतरवलं. उत्तराची गरज नाही, असं लिहून तिच्या बाबांजवळ दिलं. त्यांनी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं, त्या दिवशी चपला शोधल्या नाहीत.

यादी झाली, गट बसला. पहिल्या बैठकीत, प्रार्थनेच्याही आधी, मी एक वाक्य वाचून दाखवलं: हे भांडण नाही. हवालदारसाहेबांनी मान डोलावली. ती मुलगी रागात आहे, खेळण्यांची टोपली लाथेनं उडवते, बाजी शांतपणे खेळणी गोळा करतात आणि टोपली पुन्हा तिच्यासमोर ठेवतात. तिला कोणी शहाणी हो म्हणत नाही.

पत्राला तीनेक आठवडे झाले होते. दुपारी मी पोळ्या करत होते, फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज मात्र मी पहिल्या शब्दाला ओळखला.

"मावशी, चिठ्ठी भेटली."

मी पीठ लागलेल्या हातानं फोन धरून उभी राहिले. माफीचा शब्द काढला नाही. तेवढं तरी मी शिकले होते.

"मी येनार नाही चर्चले," ती म्हणाली. "ते सांगाले फोन केला."

"बरं, बाई."

"अन् त्या नवीन प्रकरनातलं नाव सांगू नका मले. फक्त एक सांगा. हात मिळवाले लावला काय?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी लावणार नाही. मी आहे तोवर तरी नाही."

"मंग बरं."

मला वाटलं, आता ठेवेल. तिच्या मागे शाळा सुटल्याचा गलका होता. तव्यावरची पोळी करपत होती, मी गॅस बंद केला नाही, तिला माझ्याकडचा आवाज ऐकू जाऊन ती घाईनं ठेवील असं वाटलं.

"मावशी, आपली पेटी कोन वाजवते आता?"

आपली, असं म्हणाली ती. "कोणी नाही गं," मी म्हटलं. "कोपऱ्यात आहे, चादर टाकून."

"ते पांढरी पट्टी अजून अडकते काय?"

"अडकते."

"वरून दाबत नका जाऊ तिले. नखानं खालून उचलावं लागते, हळू," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला पेटी येत नाही. चर्चची एक किल्ली माझ्याकडे असते, ती घेऊन आता रविवारी सगळ्यांच्या आधी जाते. चादर काढते, पेटी पुसते आणि ती एक पट्टी दाबून, खालून उचलून ठेवते.